पाळत परक्यांवर, दुर्लक्ष शेजाऱ्याकडे

२०२५ च्या एप्रिल महिन्यात दोनापावला येथे एका वृद्ध दांपत्याला त्यांच्याच बंगल्यात बांधून ठेवून दरोडेखोरांनी ऐवज लुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्हापशात एका कुटुंबाच्या वाट्याला तसाच प्रसंग आला. दोन्ही घटनांनंतर उमटलेल्या प्रतिक्रिया ठरलेल्या होत्या. रात्रीची गस्त वाढवा, सीमेवरील तपासणी नाक्यांवर वाहने थांबवून पाहा, भाडेकरूंची पडताळणी मोहीम पुन्हा सुरू करा, चौकाचौकांत कॅमेरे बसवा. यांपैकी एकही मागणी चुकीची नाही. मात्र त्या सगळ्यांचा रोख एकाच दिशेने, म्हणजे बाहेरून येणाऱ्या माणसाकडे आहे. लुटल्या गेलेल्या घराच्या आजूबाजूला कोण राहत होते, त्यांचा त्या घराशी रोजचा संबंध कितपत होता आणि रात्री काही विपरीत घडत असल्याची शंका आलीच तर कोणी कोणाला फोन करायचा होता, हे प्रश्न फारसे कोणी विचारले नाहीत.

दरोड्याची बातमी निदान होते तरी. याच काळात राज्यातील कितीतरी घरांत दुसऱ्या प्रकारचा चोर शिरतो. तो कडी तोडत नाही, खिडकीचे गज कापत नाही. तो फोनवरून येतो आणि घरातील माणसाला सांगतो की, ‘कोणाशी बोलू नका’. कडी तोडणारा आणि फोन करणारा, या दोघांचेही भांडवल एकच असते : एकटे पडलेले घर. नागरिकांच्या सुरक्षिततेचा विचार गोव्यात करायचा तर त्याची सुरुवात परप्रांतीयांपासून नव्हे, तर या एकटेपणापासून करावी लागेल.

‘डिजिटल अरेस्ट’ आणि कायदा

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हाच आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिपटीहून अधिक झालेली ही वाढ कोणत्याही घरफोडीच्या आकडेवारीत दिसणार नाही. या फसवणुकीचे प्रकार अनेक आहेत. गुंतवणुकीवर भरघोस परतावा, घरबसल्या नोकरी, वीजबिल थकल्याचा संदेश इत्यादी. परंतु ज्येष्ठ नागरिकांना सर्वाधिक उद्ध्वस्त करणारा प्रकार म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’.

त्याची रीत आता बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक आहे. तुमच्या नावाने पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगणारा फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातील ‘अधिकारी’ दिसतो, पाठीमागे पोलीस स्थानकाचा देखावा असतो, सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचा आदेश पाठवला जातो. त्यानंतर तास न् तास, काही वेळा दिवस न् दिवस, त्या व्यक्तीला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले जाते. हरयाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याने अशाच रीतीने एक कोटीहून अधिक रुपये गमावले. त्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

सुशिक्षित, निवृत्त, आयुष्यभर कार्यालयीन कागद हाताळलेली माणसे याला बळी पडतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ते वाटण्याचे कारण नाही. सरकारी कागदाचा धाक ज्यांनी आयुष्यभर मानला, न्यायालयाचे नाव ऐकताच जे उठून उभे राहतात, तेच या सापळ्यात सहज अडकतात. भोळेपणापेक्षा सचोटीने जगलेल्या माणसाची बेअब्रूची भीती येथे अधिक कामी येते.

या भीतीवर उतारा कायद्यातच आहे. पण तो लोकांपर्यंत पोहोचलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक ही समक्ष करायची गोष्ट आहे. पोलीस अधिकारी प्रत्यक्ष हजर राहून माणसाला ताब्यात घेतो, त्यानंतर चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. फोनच्या पडद्यावरून अटक करण्याची तरतूद कोठेही नाही. त्याहून महत्त्वाची आहे कलम ४८ मधील तरतूद. अटक झाल्याबरोबर त्याची माहिती त्या व्यक्तीच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा ती सांगेल त्या माणसाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणजे खरा पोलीस सांगतो, ‘घरच्यांना कळवतो’. आणि ठग सांगतो, ‘घरच्यांना कळवाल तर खबरदार’. खऱ्या-खोट्याची पारख करण्यासाठी एवढी एकच खूण पुरेशी आहे. गणवेश, ओळखपत्र, आदेशावरील शिक्का यांची शहानिशा सामान्य माणसाला करता येत नाही. कोणाला सांगू नका असे बजावले जात आहे की नाही, हे मात्र कोणालाही कळते.

साठीच्या पुढील नागरिकांसाठी याच संहितेत आणखी दोन गोष्टी आहेत. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना अटक करता येत नाही (कलम ३५). तसेच साठ वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीसाठी पोलीस स्थानकात यायला लावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या ठिकाणी जायचे असते (कलम १७९). ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांतून आरोग्यावर पुष्कळ व्याख्याने होतात. या तीन कलमांवर अर्ध्या तासाचे बोलणे त्यांत बसायला हरकत नसावी.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीविषयी सविस्तर सांगितले होते. फोन लावला की आधी सायबर फसवणुकीचा इशारा ऐकू येण्याची व्यवस्थाही कित्येक महिने होती आणि तिचा कंटाळा येऊन लोकांनी तिची थट्टाही पुष्कळ केली. तरीही फसवणूक थांबली नाही, कारण इशारा ऐकणे आणि घाबरलेल्या क्षणी शेजारी कोणीतरी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलेल्या वृद्धाचे दार त्या दोन तासांत कोणी ठोठावले, दूध आणून देणारा, औषध आणून देणारा, वरच्या मजल्यावरचा कोणी सहज डोकावला, तर ठगाचा खेळ बहुधा तेथेच मोडतो.

पैसे गेलेच तर वेळ सर्वांत मौल्यवान असतो. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली की ज्या खात्यात रक्कम गेली त्या बँकेला लगेच कळते आणि ती पुढे सरकण्याआधी गोठवता येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेतून जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटी रुपये वाचल्याचे सरकारने सांगितले. एका वर्षात गेलेल्या २२,८४५ कोटींशी चार वर्षांत वाचलेली ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे उशिराची किंमत कळते. लोक उशीर करतात तो बहुतेक वेळा लाजेपोटी. मुलाला काय सांगू, जावई काय म्हणेल, या विचारात रात्र जाते आणि तेवढ्यात पैसे पाच-सात खात्यांतून फिरून नाहीसे होतात. फसलेल्या माणसाला घरात टोमणे ऐकावे लागणार नाहीत एवढी खात्री असली, तरी पुष्कळ रकमा परत मिळतील.

या साखळीचा एक धागा गावातल्या तरुणांपर्यंतही येतो. फसवणुकीचा पैसा उतरवण्यासाठी टोळ्यांना खरी, केवायसी झालेली बँक खाती लागतात. ‘तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार मिळतील’ असे आमिष दाखवले जाते, आणि ज्याला आपण गुन्हा करीत आहोत याची जाणीवही नसते असा विद्यार्थी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. परदेशातील डेटा एंट्रीच्या नोकरीच्या जाहिरातीही अशाच. थायलंडमार्गे म्यानमारमधील फसवणूक केंद्रांत नेऊन डांबलेल्या भारतीयांपैकी ५४९ जणांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तो ‘अधिकारी’ स्वतःच कोणाच्या तरी ताब्यात असू शकतो.

घरे आहेत, माणसे नाहीत

एकटेपणा हा गोव्यात भावनेपुरता प्रश्न नाही. तो जनगणनेत दिसतो. २०११ च्या गणनेत साठ वर्षांवरील लोकसंख्येचे प्रमाण केरळात १२.६ टक्के आणि त्याखालोखाल गोव्यात ११.२ टक्के होते. त्याच गणनेत राज्यातील सुमारे सव्वा लाख घरे, म्हणजे दर पाचांमागे एकाहून अधिक, रिकामी आढळली. त्यानंतरच्या काळात किनारपट्टीवर दुसऱ्या घरांची भर पडत गेली आणि तरुणांचे आखात, पोर्तुगाल, इंग्लंड येथे जाणे चालूच राहिले. परिणामी अनेक वाड्यांवर चित्र असे आहे की एका घरात सत्तरी ओलांडलेले दांपत्य, शेजारचे घर कुलूपबंद, त्यापलीकडे पर्यटकांना आठवड्याने दिले जाणारे घर, आणि समोर उंच कुंपणाआडचा बंगला, ज्याच्या मालकाचे नाव वाड्यावर कोणालाही ठाऊक नाही.

जुन्या वाड्याची सुरक्षितता रोजच्या येण्याजाण्यात होती. ती पोलिसांनी दिलेली नव्हती. सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवीत येणारा पोदेर कोणत्या घरी किती पाव द्यायचे हे जाणत असे. सलग दोन दिवस दाराला अडकवलेली पिशवी तशीच राहिली तर तो शेजारी विचारी. मासळीवाली, पोस्टमन, सोप्यावर बसून रस्ता न्याहाळणारी आजी, या सर्वांकडे वाड्याची अलिखित नोंद असे. अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये शहरांविषयी लिहिताना रस्त्यावरच्या नजरांचे जे महत्त्व सांगितले, ते गोव्याच्या सोप्याला वेगळे सांगावे लागले नव्हते. अर्थात त्या नजरेत चौकसपणाचा जाचही होता. कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली याचीही नोंद तेथेच होई. तो जाच नको म्हणून माणसे सदनिकांत गेली. नजर गेली आणि तिच्याबरोबर विचारपूसही गेली.

रिकाम्या घरांची किंमत राज्याने दुसऱ्या मार्गाने मोजली आहे. परदेशी गेलेल्या किंवा वारस न उरलेल्या मालकांच्या जमिनी बनावट कागदपत्रे करून बळकावल्याची प्रकरणे इतकी झाली की, जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा चौकशी आयोग बसवावा लागला. जून २०२४ मध्ये आसगाव येथे राहते घर यंत्र लावून पाडले गेले तेव्हा राज्यभर संताप उसळला. तेथे घरात माणसे होती म्हणून निदान ओरड झाली. बंद घराच्या बाबतीत ‘हे घर अमक्याचे, तो लिस्बनला असतो, त्याचा पुतण्या मडगावात आहे’ हे सांगणारा शेजारी हाच कित्येकदा पहिला आणि शेवटचा साक्षीदार असतो.

पडताळणीचा कागद

या पार्श्वभूमीवर भाडेकरू पडताळणीकडे पाहावे लागते. २०२४ मध्ये राज्य विधानसभेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि माहिती न देणाऱ्या घरमालकाला दंडाची तरतूद केली. गुन्हा घडल्यावर संशयिताचा माग काढण्यासाठी अशी नोंद उपयोगी पडते, यात शंका नाही. खोली भाड्याने देऊन दरमहा पैसे मोजायचे आणि आत कोण राहतो याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, या सवयीला आळा बसणेही आवश्यक होते.

तरीही हा कागद गुन्हा टाळतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अर्जात असते ते अर्ज भरला त्या दिवशीचे सत्य. तीन महिन्यांनी एक मजूर गावी जातो, त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ येतो आणि अर्ज तसाच फाइलीत राहतो. दरोड्याच्या इराद्याने येणारी टोळी भाडेकराराची नोंद करून बहुधा येत नाही. फोनवरून लुटणाऱ्याला तर गोव्यात खोलीच लागत नाही. शिवाय मोहिमेचा ताप ज्याला सर्वाधिक होतो, तो वेर्णे किंवा झुआरीनगर परिसरात एका खोलीत पाच-सहा जणांसह राहणारा कामगार स्वतः गुन्ह्याचा सहज बळी असतो. त्याचा मोबाइल हिसकावला जातो, ठेकेदार मजुरी बुडवतो, आणि तक्रार करायला गेले तर आधी आपलेच कागद मागतील या धास्तीने तो पोलीस स्थानकाची पायरी चढत नाही. पडताळणीच्या वेळी घेतलेला त्याचा फोन क्रमांक पोलिसांकडे आहे. पोलिसांच्या बीटवरील हवालदाराचा क्रमांक त्याच्याकडे आहे काय, हा प्रश्न मोहिमेच्या नमुन्यात नाही.

कॅमेऱ्यांचेही काहीसे तसेच. ब्रिटन आणि अमेरिकेतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांना कॅमेऱ्यांचा परिणाम माफक आढळला. तो सर्वांत ठळक होता तो वाहनतळांवर. तपासाला कॅमेरा मदत करतो, पण तोंडाला फडके बांधून आलेल्या माणसाला तो अडवीत नाही.

सहा घरांचा कोश

मग कशाने फरक पडतो? याचे एक जुने आणि नीट अभ्यासलेले उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. रोचडेल शहरातील कर्कहोल्ट ही सुमारे २,३०० घरांची सरकारी वसाहत १९८० च्या दशकात घरफोड्यांनी त्रासली होती. १९८६ मध्ये पोलीस, परिवीक्षा खाते आणि विद्यापीठातील अभ्यासकांनी मिळून तेथील नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा धोका इतर घरांपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि तो पुढच्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. चोराला घर माहीत झालेले असते, काय राहून गेले हेही माहीत असते. त्यामुळे संपूर्ण वसाहतीवर नजर ठेवण्याचा खटाटोप सोडून त्यांनी फक्त फोडल्या गेलेल्या घराभोवतीच्या पाच-सहा घरांना गाठले. त्या कुटुंबांनी तेवढ्या एका घराकडे लक्ष ठेवायचे, काही वावगे दिसले तर कळवायचे. रेशमाच्या कोशावरून या रचनेला नाव पडले. त्याच्या जोडीला घरांच्या कड्या-कुलुपे सुधारली, आणि चोरांना भुलवणारी नाण्यांवर चालणारी गॅस-विजेची मीटर काढून टाकली. तीन वर्षांत तेथील घरफोड्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्या.

ब्रिटनमधील पहिली शेजार-पहारा योजना १९८२ मध्ये चेशायरमधील मॉलिंग्टन या लहान गावात सुरू झाली होती; पुढे ती देशभर पसरली. अशा योजनांच्या अनेक अभ्यासांची २००८ मध्ये झालेली एकत्रित छाननी गुन्ह्यांत सरासरी १६ ते २६ टक्के घट दाखवते. सर्व ठिकाणी यश आले असे नाही. पाटी लागली, पहिली सभा झाली आणि नंतर काहीच झाले नाही, अशी उदाहरणे तेथेही भरपूर आहेत. देशातही केरळ पोलिसांनी २००८ पासून ‘जनमैत्री’ योजनेत बीटवरील पोलिसाने घरोघरी जाऊन ओळख करून घेण्यावर भर दिला. त्या पोलिसाची भेट झडतीसाठी किंवा समन्स देण्यासाठी नसते, एवढ्यानेही नात्यात फरक पडतो.

कर्कहोल्टची पद्धत गोव्याला सोयीची आहे ती तिच्या आकारामुळे. शंभर-दीडशे सदस्यांचा गट उभारून तो चालवणे कोणालाच जमत नाही. वाड्यावरील पाच-सहा घरांनी एका घराची काळजी वाहणे जमते. चतुर्थीला सदनिकेला कुलूप लावून मूळ घरी जाणाऱ्या कुटुंबाने शेजाऱ्याला सांगून जावे, समाजमाध्यमांवर साऱ्या जगाला सांगून जाऊ नये, हे त्यातलेच. मंगळसूत्र हिसकावून पळणाऱ्या दुचाकीस्वारांविषयी फार बोलण्याची गरज नाही. भारतीय न्याय संहितेने हिसकावणे हा आता स्वतंत्र गुन्हा ठरवला असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वाहनाचा क्रमांक, निदान रंग आणि दिशा, ११२ वर त्याच मिनिटाला कळवणे एवढाच त्यातला नागरिकाचा भाग.

जेथे दक्षता संपते

शेजाऱ्यांची दक्षता म्हटले की तिच्या काळ्या बाजूचाही विचार करावा लागतो, आणि तो मराठी समाजाला फार दूर जाऊन करायचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढा भागातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. गावातील काहींनी त्यांना वाचवण्यासाठी ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, तर जमाव तेथे शिरला. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच रीतीने मारले गेले. त्या परिसरात टाळेबंदीच्या काळात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि गावकरी रात्री पहारा देत होते. म्हणजे जे मारायला धावले ते स्वतःला गावाचे रक्षकच समजत होते.

शेजाऱ्याला ओळखणे आणि अनोळख्यावर संशय घेणे या दोन गोष्टी एकच वाटतात, पण त्यांचे परिणाम उलट होतात. पहिलीत माणसाला नाव असते, दुसरीत फक्त वर्णन असते : ‘निळ्या रंगाची व्हॅन, हिंदी बोलणारे चौघे’. व्हॉट्सॲपच्या गटावर असे वर्णन फिरू लागले की रस्त्यावरची पहिली निळी व्हॅन दोषी ठरते. गोव्यासारख्या राज्यात, जेथे भाषेवरून आणि वाहनाच्या क्रमांकावरून आतला-बाहेरचा ठरवण्याची सवय वाढत आहे, तेथे हा धोका अधिकच आहे.

कायद्याने येथे रेषा पुरेशी स्पष्ट आखली आहे. खाजगी व्यक्तीला दुसऱ्याला पकडता येते ते केवळ तिच्या समक्ष अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला असेल तर, किंवा ती व्यक्ती घोषित गुन्हेगार असेल तर. आणि पकडल्यावर विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०). संशयावरून कोणाला खांबाला बांधण्याचा, त्याची पिशवी तपासण्याचा किंवा त्याचे चित्रीकरण करून पसरवण्याचा अधिकार वाड्याला नाही, पंचाला नाही, आणि गृहनिर्माण संस्थेच्या सचिवालाही नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून कोणाचा खून केला, तर न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार त्यांतील प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. जन्मस्थान आणि भाषा हे दोन शब्द त्या कलमात उगाच आलेले नाहीत.

दुसऱ्या टोकाला निष्क्रियता आहे. डिसेंबर २०२३ मध्ये शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील होसा वंटमुरी येथे एका महिलेची विवस्त्र विटंबना करून तिला खांबाला बांधण्यात आले. तिचा दोष एवढाच की तिचा मुलगा एका मुलीसह पळून गेला होता. भोवती गावकरी होते. मध्ये पडण्याचे धाडस एकाने केले आणि त्यालाही मार बसला. कर्नाटक उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायालयाला हल्लेखोरांइतकेच बघ्यांनीही अस्वस्थ केले होते.

बघ्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. साक्ष देणाऱ्याला वर्षानुवर्षे तारखांना जावे लागते, आरोपी त्याच गावात जामिनावर फिरत असतो, आणि एका दिवसाची मजुरी कोणी भरून देत नाही. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याला दिवाणी वा फौजदारी कारवाईत ओढता येत नाही. गुन्ह्याच्या साक्षीदारासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संरक्षण योजना मंजूर केली आणि नव्या संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करण्यास सांगितले आहे. पण ११२ ला फोन करणाऱ्या शेजाऱ्याला त्याच रात्री ‘कोणी कळवले ते आम्हाला ठाऊक आहे’ असा निरोप आला, तर त्याने कोठे जायचे, हे त्या योजनेतून सामान्य माणसाला समजत नाही. माहिती देणाऱ्याचे नाव फुटणार नाही याची हमी हीच पोलिसांनी समाजाला द्यायची पहिली गोष्ट आहे. बाकीच्या जनजागृतीची फलके नंतर लावली तरी चालतील.

ग्रामसभेपुढचा विषय

गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि त्यांच्या ग्रामसभा गाजतात, हे या राज्याचे वैशिष्ट्य मानले पाहिजे. रविवारी सकाळी भरणाऱ्या या सभांत बांधकाम परवाने, कचरा, डोंगरकापणी यांवर तासन् तास वाद होतात. गावात एकटी राहणारी वृद्ध माणसे किती, त्यांच्यापैकी कोणाचे नातेवाईक कोठे आहेत, कोणती घरे बंद आहेत आणि त्यांच्या चाव्या कोणाकडे आहेत, हा विषयही त्याच सभेत यायला हवा. त्यासाठी नवा निधी लागत नाही. प्रत्येक प्रभागातील पंचाने दोन-तीन रविवार घरोघरी फिरण्याएवढा वेळ लागतो. पोदेराला आणि औषधाच्या दुकानदाराला विचारले तर निम्मी माहिती तासाभरात मिळेल. भाड्याच्या खोल्यांतील कुटुंबांनाही त्याच फेरीत भेटता येईल; पडताळणीसाठी नव्हे, तर हा बीटवरील हवालदाराचा क्रमांक, अडचण आली तर येथे फोन करा, एवढे सांगण्यासाठी. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांकही सोबत देता येईल. वृद्धांच्या फोनमध्ये पहिला क्रमांक मुलाचा असतो आणि तो मुलगा बहुधा सात समुद्रापलीकडे असतो. दुसरा क्रमांक शेजाऱ्याचा असावा.

मात्र ही यादी तयार झाली की ती ठेवायची कोठे, याचा निर्णय आधी व्हायला हवा. एकट्या वृद्धांची आणि बंद घरांची यादी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली तर चोराचे निम्मे काम गावानेच करून दिले असे होईल. पंचायतीच्या फलकावर लावणेही तितकेच घातक. प्रत्येक घराची माहिती त्याच्या दोन शेजाऱ्यांकडे आणि संपूर्ण यादी बीटवरील हवालदाराच्या वहीत, एवढ्यावर ती थांबली पाहिजे. तीही संबंधित माणसाची संमती घेऊन. हवालदाराची बदली झाल्यावर ती वही पुढच्या माणसाच्या हाती जाते की कपाटात पडून राहते, हे पाहण्याचे काम पोलीस स्थानकाच्या निरीक्षकाचे आहे, आणि ते त्याच्याकडे लेखी सोपवलेले असावे.